भंगारातली जहाजे आणि एक माहितीपट

आमच्या घरात सागवानी लाकडाचे एक टेबल आहे. कडेने पितळेची उभी पट्टी, आणि चारही पायांच्या तळाशी जाड स्क्रूंची भोके. लहानपणी मला या पट्टीचा राग यायचा, कारण लिहिताना मनगटाला टोचायची. नाना सांगायचे, "अरे, ही पट्टी नसती तर लाटेबरोबर चहाचा कप तुझ्या मांडीवर आला असता." नाना रत्नागिरीकडचे, मोगल लाईनच्या जहाजावर खलाशी. मुंबई ते जेद्दा हाजींची ने-आण करणाऱ्या जहाजांवर त्यांची बरीच वर्षे गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी दारूखान्यातून हे टेबल विकत आणले. कुठल्या तरी तोडलेल्या जहाजाचे. पाय जहाजाच्या जमिनीला घट्ट बसवलेले असायचे, म्हणून ती भोके.

आज त्याच टेबलावर मी नववीच्या वह्या तपासतो. आणि त्याच टेबलावर लॅपटॉप ठेवून मी 'मॅन्युफॅक्चर्ड लँडस्केप्स' हा माहितीपट पहिल्यांदा पाहिला. नावाचे मराठी करायचे तर 'कारखान्यात घडवलेले भूदृश्य' असे काहीसे होईल. २००६ सालचा कॅनेडियन माहितीपट, दिग्दर्शिका जेनिफर बायचवाल, छायालेखक पीटर मेटलर. विषय एडवर्ड बर्टिन्स्की या छायाचित्रकाराचे काम: खाणी, कारखाने, धरणे, भंगाराचे ढीग, म्हणजे उद्योगाने उलटीपालटी केलेली जमीन.

सुरुवातीचे दृश्य चीनच्या फुजियान प्रांतातल्या एका कारखान्यातले आहे. कॅमेरा एका बाजूने सरकत जातो. पिवळ्या कपड्यांतले कामगार, रांग, मग रांग, मग पुन्हा रांग. एक मिनिट, दोन मिनिटे, आपण वाट बघतो की आता भिंत येईल. भिंत येत नाही. जवळजवळ आठ मिनिटे कॅमेरा चालतच राहतो. एक शब्दाचे निवेदन नाही. कारखाना किती मोठा आहे हे आकड्यात सांगितले असते तर मी पाच मिनिटांत विसरलो असतो. आठ मिनिटे डोळ्यांसमोरून गेल्यावर विसरता येत नाही. त्या कारखान्यात इस्त्र्या आणि घरगुती विजेची उपकरणे बनतात. आपण रोज सकाळी शर्टावर फिरवतो तसल्याच.

बर्टिन्स्कीचा जन्म १९५५ चा, कॅनडातल्या सेंट कॅथरिन्स गावचा. आईवडील युक्रेनमधून आलेले, वडील जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला. मुलगा अकरा वर्षांचा असताना वडिलांनी एका विधवा बाईकडून तिच्या नवऱ्याचे फोटो धुण्याचे सगळे सामान विकत घेतले, कॅमेऱ्यांसकट. पुढे त्याने शिक्षणाच्या खर्चासाठी स्वतः मोटार कारखान्यात आणि खाणीत काम केले. हे सांगायचे कारण असे की हा माणूस कारखान्याकडे बाहेरून आलेल्या पाहुण्यासारखा बघत नाही. कामगाराच्या घरातला आहे. तरीही त्याच्या फोटोत कामगार दिसतो तो मुंगीएवढा. या गोष्टीकडे आपण परत येऊ, कारण माझा सगळा लेख त्याच मुंगीबद्दल आहे.

माणसाने उकरलेल्या जमिनीचे फोटो काढणारा हा काही पहिला नव्हे. फोटोग्राफी आणि यंत्रयुग ही जवळपास जुळी भावंडे आहेत, त्यामुळे एकाने दुसऱ्याचे चित्र काढणे ओघानेच आले. अमेरिकेत कार्लटन वॉटकिन्स नावाचा छायाचित्रकार होता. १८६१ मध्ये प्रचंड आकाराच्या काचेच्या प्लेटा खेचरांवर लादून तो योसेमिटीच्या दरीत गेला. त्या फोटोंचा बोलबाला झाला, आणि १८६४ मध्ये अब्राहम लिंकनने ती दरी राखून ठेवण्याच्या कायद्यावर सही केली त्यात या फोटोंचा वाटा मानला जातो. पण याच वॉटकिन्सने १८७१ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या मॅलाकॉफच्या सोन्याच्या खाणीचे फोटो काढले. तिथे जोरदार पाण्याचे फवारे मारून आख्खे डोंगर धुऊन काढत. फोटोत पाण्याच्या त्या पांढऱ्या कमानी अतिशय देखण्या दिसतात. डोंगराचा चिखल मात्र नद्यांतून खाली वाहत जाऊन शेतकऱ्यांच्या जमिनीवर बसला. शेतकरी कोर्टात गेले आणि १८८४ मध्ये न्यायाधीश सॉयर यांनी खाणीचा गाळ नदीत सोडायला बंदी घातली. एकच माणूस, एकच कॅमेरा. एका फोटोने दरी वाचवण्याच्या कामी मदत केली, दुसरे फोटो डोंगर धुणाऱ्यांच्या कामाचे कौतुक वाटावे असे निघाले. कॅमेऱ्याला स्वतःची बाजू नसते हे माझे मत तेव्हापासूनचे आहे, आणि ते बर्टिन्स्कीलाही लागू आहे.

आपल्याकडचे उदाहरण तर अगदी घराजवळचे. बोरघाटातून मुंबई-पुणे रेल्वे चढवण्याचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये घाट उघडला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि थोड्याच दिवसांत, १८५९ मध्ये मरण पावला. त्याची पत्नी अ‍ॅलिस परत गेली नाही. तिने कंत्राट आपल्या नावावर पुढे चालू ठेवले, आणि त्याच काळात घाटातल्या कामाची छायाचित्रेही काढली. एका बाईने एकोणिसाव्या शतकात घाटाचे कंत्राट सांभाळावे आणि त्याचे फोटोही काढावेत, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकात का नाही हे मला कळत नाही. पण मूळ मुद्दा दुसरा. एका टप्प्यावर या घाटात चाळीस हजारांहून जास्त मजूर खपत होते. सुरुंग, कडे कोसळणे, पटकीची साथ, यांत हजारोंनी जीव गेले. आज लोणावळ्याला जाताना खिडकीतून मोबाईल बाहेर काढून जो घाटाचा व्हिडिओ आपण काढतो, तो त्यांच्या हातांनी कापलेल्या कड्यांचा आहे. त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपल्याला पाठ नाही. कंत्राटदारणीचे नाव मात्र मी आत्ता लिहिले.

आता मूळ चित्रपटाकडे.

यातला जो भाग मला सगळ्यात जवळचा वाटला तो चीनचा नाही, बांगलादेशचा आहे. बर्टिन्स्की २००० आणि २००१ मध्ये चितगावला गेला होता. त्यामागची गोष्ट अशी. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर 'एक्सॉन वाल्डेझ' हे तेलवाहू जहाज फुटले आणि समुद्रात तेलच तेल झाले. त्यानंतर एकेरी तळाची तेलवाहू जहाजे हळूहळू बाद करायचे ठरले. बर्टिन्स्कीने ही बातमी रेडिओवर ऐकली आणि त्याच्या मनात साधा प्रश्न आला: एवढी मोठी जहाजे बाद झाल्यावर जातात कुठे?

प्रश्न साधा खरा, पण गंमत बघा, कोकणातल्या कुठल्याही खलाशाच्या घरात या प्रश्नाचे उत्तर ठाऊक होते. नाना एखाद्या जुन्या जहाजाचे नाव निघाले की हात हलवून म्हणायचे, "तोडलं तिला." जहाज त्यांच्या बोलण्यात नेहमी 'ती' असायची. म्हातारी झाली, भंगारात गेली, तोडली. एवढेच.

चितगावच्या उत्तरेला सीताकुंडचा किनारा आहे. तिथला हा धंदा कुणी योजना आखून सुरू केलेला नाही. १९६० च्या चक्रीवादळात एक ग्रीक जहाज या किनाऱ्यावर येऊन रुतले. पुन्हा पाण्यात ढकलता येईना. काही वर्षे ते तसेच पडून होते आणि १९६५ च्या सुमारास एका स्थानिक कंपनीने ते विकत घेऊन तोडले. आजूबाजूच्या गावकऱ्यांनी त्या कामात हात लावला आणि जहाज कसे फोडायचे ते शिकून घेतले. पुढे १९७१ चे युद्ध आले. बॉम्बहल्ल्यात निकामी झालेले 'अल अब्बास' नावाचे पाकिस्तानी जहाज नंतर याच किनाऱ्यावर आणले गेले आणि १९७४ मध्ये भंगार म्हणून विकले गेले. तिथून धंद्याने मूळ धरले. नव्या देशात लोखंडाच्या खाणी नव्हत्या, घरे आणि पूल मात्र बांधायचे होते. जहाज म्हणजे पोलादाची तरंगती खाणच. आजही तिथल्या कितीतरी इमारतींच्या स्लॅबमध्ये जी सळई आहे ती एकेकाळी समुद्रावर फिरत होती.

याला मुंबईचा एक धागा आहे. १९७१ च्या त्या डिसेंबरात चितगाव बंदरावर हल्ले करणारी विमाने आपल्या 'विक्रांत' या विमानवाहू नौकेवरून उडत होती. शाळेत आपण विक्रांतचा धडा अभिमानाने शिकवतो. ती विक्रांत शेवटी कुठे गेली? काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, मग लिलावात विकली गेली आणि २०१४ मध्ये दारूखान्यात तोडली गेली. तिच्या पोलादाचा काही भाग वितळवून एका कंपनीने मोटारसायकलच्या टाकीत वापरला आणि त्याची जाहिरातही झाली. ज्या हातांनी ती कापली त्यांची जाहिरात झाली नाही. दारूखाना म्हणजे रे रोडच्या बाजूचा तो किनारा. दारू म्हणजे बंदुकीची दारू. बाहेरगावच्या लोकांचा दरवेळी गैरसमज होतो म्हणून सांगितले. अलंगचा किनारा १९८३ मध्ये सुरू झाला आणि मोठी जहाजे तिकडे गेली, पण त्याआधीपासून मुंबईत जहाजे तुटत होती.

जहाज तोडण्याची सीताकुंडची पद्धत अशी. किनारा सपाट, चिखलाचा. भरती-ओहोटीतले अंतर मोठे. मोठ्या भरतीच्या दिवशी जहाज पूर्ण वेगाने किनाऱ्याकडे सोडतात. ते चिखलात घुसून बसते. ओहोटी लागली की पाणी मागे सरते आणि जहाज उघडे पडते. मग गॅस कटर घेऊन माणसे चढतात. वरून मोठमोठे पत्रे कापून खाली चिखलात पाडतात, जाड दोर बांधून ओढत वर आणतात आणि तिथे पुन्हा लहान तुकडे करतात. लोखंडी पत्रे खांद्यावर घेऊन माणसांची रांग एका तालात पाय टाकत चालते, कारण एकाचा पाय चुकला तर सगळे खाली. जहाजाच्या पोटात उरलेले तेल, वायू, जुन्या जहाजांत ठासून भरलेले अ‍ॅस्बेस्टॉस, शिशाचा रंग, हे सगळे त्याच चिखलात जाते. बंद टाकीत वायू साचलेला असला आणि कटरची ज्योत लागली, तर स्फोट. बरेचसे मजूर उत्तर बांगलादेशातल्या गरीब जिल्ह्यांतून येतात, जिथे दोन पिकांच्या मधल्या काळात घरात चूल पेटत नाही.

बर्टिन्स्कीच्या फोटोत हा किनारा विलक्षण दिसतो. धुके, ओली चकचकीत रेती, आणि अर्धी कापलेली जहाजे एखाद्या पडक्या किल्ल्याच्या बुरुजासारखी उभी. गंजाचा रंग केशरी. हे फोटो त्याने मोठ्या आकाराच्या फिल्मवर काढले, त्यामुळे छापील प्रत भिंतीएवढी केली तरी लांबवरच्या माणसाच्या खांद्यावरचा दोर दिसतो. पण बघणाऱ्याने तो शोधायला हवा.

मी हा चित्रपट नववीच्या वर्गाला दाखवला. पूर्ण नाही, चितगावचा आणि धरणाचा भाग. भाषा इंग्रजी असल्यामुळे मध्येमध्ये थांबवून मी उर्दूत आणि मराठीत सांगत होतो. मुले आधी मोठ्या जहाजांना बघून "वाह, सर!" करत होती. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, फोटो अच्छा है, लेकिन आदमी इतने छोटे क्यों हैं?" मी शिक्षकी उत्तर दिले की प्रमाण कळावे म्हणून, माणूस लहान दिसला की जहाज किती मोठे ते समजते. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मेरे अब्बू कटर थे. वो छोटे नहीं थे."

तिचे वडील मुंबईतच एका जहाजतोडणीच्या ठेकेदाराकडे होते. हात भाजला, काम सुटले. आज त्यांच्याकडे हजेरीचा कागद नाही, ओळखपत्र नाही, पगाराची पावती नाही. त्यांनी पंधरा वर्षे जहाजे कापली याचा पुरावा फक्त त्यांच्या डाव्या हातावर आहे. नंतर पालकसभेला ते आले तेव्हा मी त्यांना लॅपटॉपवर तो भाग दाखवला. त्यांनी जहाजाकडे पाहिलेच नाही. पडदा थांबवायला सांगून एका कोपऱ्यावर बोट ठेवले. "सर, यह लड़का गलत खड़ा है. पत्रा इधर गिरेगा." मी तो फोटो कितीदा तरी पाहिला होता. तो मुलगा मला दिसला नव्हता.

तर प्रश्न हाच आहे आणि तो नववीतल्या मुलीने माझ्यापेक्षा नीट विचारला. इतक्या उंचावरून, इतक्या लांबून, इतके सुंदर फोटो काढणे म्हणजे नेमके काय करणे? बर्टिन्स्कीची भूमिका चित्रपटात स्पष्ट आहे. तो म्हणतो की मी निकाल देत नाही, चांगले-वाईट ठरवत नाही. आपण सगळेच या व्यवस्थेत आहोत, आपण सगळेच ही वस्तू वापरतो, तेव्हा नुसते बोट दाखवून काही होणार नाही. यात प्रामाणिकपणा आहे. पर्यावरणाच्या नावाने ओरडणारा फोटो लोक पाचव्या सेकंदाला पलटतात, आणि सुंदर फोटोसमोर थांबतात. पण त्याचे फोटो मोठ्या कंपन्यांच्या भिंतींवरही लागू शकतात, आणि तिथे कुणालाही ते टोचणार नाहीत, हेही तितकेच खरे.

चित्रपटातच एक प्रसंग आहे. तियानजिनच्या कोळशाच्या बंदरात अधिकारी फोटो काढायला परवानगी देत नाहीत. त्यांना भीती की देशाची बदनामी होईल. तेव्हा बर्टिन्स्कीच्या बाजूचे लोक त्यांना समजावतात की साहेबांच्या कॅमेऱ्यातून हे सुंदरच दिसेल. मला हा प्रसंग पाहून हसू आले आणि थोडी भीतीही वाटली. परवानगीची किल्लीच सौंदर्य आहे. दिग्दर्शिकेने हा प्रसंग कापला नाही, यासाठी तिला दाद द्यायला हवी.

खरे तर माझ्या मते या माहितीपटाचा खरा कर्ता बर्टिन्स्की नसून बायचवाल आहे. तिने याआधी २००२ मध्ये शेल्बी ली अ‍ॅडम्स या छायाचित्रकारावर माहितीपट केला होता. तो अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशिया डोंगरातल्या गरीब कुटुंबांचे फोटो काढायचा, आणि त्या फोटोंवरून वाद झाला होता की हा गरिबांचे दर्शन घडवतो की प्रदर्शन मांडतो. म्हणजे हा प्रश्न तिच्या डोक्यात आधीपासून होता. 'मॅन्युफॅक्चर्ड लँडस्केप्स' मध्ये ती काय करते ते पाहा. बर्टिन्स्की उंचावर चढतो, फोटो काढतो, उतरतो. तिचा कॅमेरा मात्र तिथेच थांबतो आणि खाली जातो. कारखान्यात एक मुलगी विजेच्या उपकरणाचा छोटासा भाग हाताने जोडते आहे, बोटे इतकी झपाझप चालतात की डोळ्यांना पकडता येत नाहीत. शांघायमध्ये एक श्रीमंत बाई आपले आलिशान घर आणि स्वयंपाकघर दाखवते, आणि थोड्याच अंतरावर नव्या इमारतींच्या गराड्यात एका म्हातारीचे जुने घर. कधी कॅमेरा एखाद्या दृश्याच्या अगदी जवळून सुरू होतो, मग मागे सरकत जातो, आणि लक्षात येते की हा तर गॅलरीच्या भिंतीवर टांगलेला फोटो आहे, समोर लोक उभे आहेत. तेवढ्या हालचालीत तिने फोटो कुठून निघाला आणि कुठे पोहोचला ते सांगून टाकले.

तीन घाट धरणाचा भाग मी वर्गात दुसऱ्यांदा दाखवला, कारण मुलांनी मागितला. यांगत्से नदीवरचे हे धरण सव्वादोन किलोमीटरहून लांब आहे. १९९२ मध्ये चीनच्या लोकप्रतिनिधी सभेत मंजुरीसाठी मतदान झाले तेव्हा जवळपास एकतृतीयांश सदस्यांनी विरोध केला किंवा तटस्थ राहिले. त्या सभेच्या रिवाजात हे फार मोठे बंड होते. धरण झाले. जून २००३ मध्ये पाणी साठवायला सुरुवात झाली. तेरा शहरे पाण्याखाली जाणार होती आणि दहा लाखांहून कितीतरी जास्त माणसे उठवली गेली. पण चित्रपटात दिसते ते आकड्यांच्या पलीकडचे आहे. बुडणाऱ्या शहरांत बोटींच्या वाटेत इमारती येऊ नयेत म्हणून ती आधी पाडायची होती. आणि पाडायचे काम तिथल्याच लोकांना दिले गेले. माणसे आपलेच शहर हातोड्याने फोडत आहेत, विटा साफ करून रचत आहेत, त्याचे पैसे घेत आहेत. बॉम्ब पडल्यासारखा ढिगारा, आणि त्यात शांतपणे काम करणारी कुटुंबे.

त्याच २००६ च्या सप्टेंबरमध्ये आणखी एक चित्रपट आला. चिनी दिग्दर्शक जिया झांगके याचा 'स्टिल लाइफ', याच धरणात बुडणाऱ्या फंगजिए शहरात चित्रित केलेला. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तर बायचवालच्या माहितीपटाला टोरांटोत सर्वोत्कृष्ट कॅनेडियन चित्रपटाचा. एकच शहर, दोन चित्रपट. झांगकेच्या चित्रपटात एक माणूस आपल्या हरवलेल्या बायकोला शोधत त्या ढिगाऱ्यात येतो. तिथे माणूस मुंगीएवढा नाही. ज्यांना जमेल त्यांनी हे दोन्ही चित्रपट एकापाठोपाठ पाहावेत, एवढेच सुचवतो.

उर्दू शिकवणाऱ्या माणसाला हे सगळे पाहताना 'शहरआशोब' आठवणे अपरिहार्य आहे. मराठी वाचकांसाठी सांगतो: उजाड झालेल्या शहराचे दुःख मांडणारी कविता म्हणजे शहरआशोब. अठराव्या शतकात दिल्ली पुन्हा पुन्हा लुटली गेली तेव्हा सौदा आणि मीर यांनी ती लिहिली. १८५७ नंतर दिल्लीवर लिहिलेल्या अशा कवितांचा 'फुगान-ए-देहली' हा संग्रह निघाला, तोही १८६३ मध्ये, म्हणजे बोरघाट उघडला त्याच वर्षी. एकीकडे शहर मोडल्याचा आक्रोश छापला जात होता, दुसरीकडे नवा लोहमार्ग डोंगर चढत होता. पण मला इथे शहरआशोबचे दुसरेच वैशिष्ट्य सांगायचे आहे. सौदा नुसते 'शहर उजाड झाले' म्हणून थांबत नाही. तो एकेका पेशाचा माणूस समोर आणतो. शिपायाचे काय झाले, हकिमाचे काय झाले, व्यापाऱ्याचे, शायराचे, पोरांना शिकवणाऱ्या मुल्लाचे काय हाल आहेत. शहर म्हणजे त्याच्या लेखी धंदे आणि ते करणारी माणसे. वरून दिसणारी छपरे नव्हेत. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्या शायराने जे केले ते उत्तम कॅमेरा हातात असूनही सुटते, तेव्हा तक्रार करायचा हक्क आपल्याला आहे असे मला वाटते.

म्हणून बर्टिन्स्कीचे फोटो निरुपयोगी आहेत असे कुणी समजू नये. त्याने विचारलेला प्रश्न, 'जहाजे जातात कुठे', हा जगातल्या लाखो लोकांनी त्याच्यामुळे पहिल्यांदा विचारला असेल. सीताकुंडचा किनारा जगाच्या नजरेत आला. पण किनाऱ्यावर बदल झाला तो तिथल्या लोकांच्या लढ्यातून. बांगलादेशच्या वकील सय्यदा रिझवाना हसन यांनी वर्षानुवर्षे कोर्टात हा विषय लावून धरला, आणि २००९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने पर्यावरणाची परवानगी नसलेल्या तोडणी यार्डांना बंद करण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये जहाजतोडणीसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने २०१९ मध्ये त्यावर मान्यता देऊन स्वतःचा कायदा केला, बांगलादेशने २०२३ मध्ये मान्यता दिली, आणि २६ जून २०२५ पासून तो करार लागू झाला. जहाजात कुठे कुठे काय विषारी आहे याची यादी आता जहाजाबरोबर यायला हवी. कापणाऱ्याच्या हातात ती यादी पडते का, त्याला वाचता येते का, हे किनाऱ्यावर जाऊनच कळेल. आणि ज्यांची वर्षे आधीच गेली, त्यांच्या हजेरीचा कागद कुठल्याच करारात नाही.

आणि ज्या 'एक्सॉन वाल्डेझ'मुळे ही सगळी गोष्ट सुरू झाली, तिचे काय झाले? दुरुस्त होऊन, नावे बदलत बदलत ती फिरत राहिली. शेवटी 'ओरिएंटल नायसटी' या नावाने २०१२ मध्ये आपल्या अलंगला आली. विषारी द्रव्यांच्या शंकेमुळे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, मग परवानगी मिळाली आणि ती तोडली गेली. नाना तेव्हा हयात असते तर त्यांनी हात हलवून एवढेच म्हटले असते.

पुढच्या सत्रात मी हा माहितीपट पुन्हा दाखवणार आहे. यावेळी मी बोलणार नाही. त्या मुलीच्या वडिलांना वर्गात बोलावले आहे. ते पडद्याशेजारी उभे राहून कोण कुठे उभा आहे, दोर कुणाच्या हातात आहे, पत्रा कुठे पडणार, ते मुलांना सांगणार आहेत. "मुझे बोलना नहीं आता, सर," असे ते दोनदा म्हणाले. मग विचारले, किती वाजता यायचे.